तीनशे मीटर आणि मी

‘बंदुका तीनशे मीटरवर. त्या आकड्याला हात लावायचा नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही.’

मी जॉयस्टिक बोलतेय. या घरात माझ्या कानावर सगळ्यांत जास्त वेळा पडलेलं हे वाक्य. मला कान नाहीत, हे मान्य. पण या घरात ज्यांना होते त्यांनी त्यांचा काय उपयोग केला, ते मी नऊ वर्षं बघतेय.

आधी माझी ओळख. टेबलावर ठेवायची एक काळी मूठ, खाली चौकोनी बैठक, पोटात दोन स्प्रिंगा, तर्जनीखाली घोडा आणि डोक्यावर चार बटणं. संगणकावर जुन्या लढाऊ विमानांचा खेळ खेळणारे मला हातात धरतात. मला उजवीकडे झुकवलं की पडद्यावरचं विमान उजवीकडे कलतं, मागे ओढलं की नाक वर करतं, घोडा दाबला की बंदुका सुटतात. मी स्वतः काही ठरवत नाही. हात जे करतो तेच मी पुढे पाठवते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे ते विसरणार आहेत.

कारखान्यात माझी शेवटची तपासणी एका बाईनं केली. ती प्रत्येकीला चारी कोपऱ्यांत झुकवायची, सोडून द्यायची आणि मधोमध परत येते का ते बघायची. मागच्या हजार आल्या म्हणून ही येईलच, असं ती एकदाही धरून चालली नाही. तिच्यानंतर मला बरेच हात भेटले. तसा एकही नाही.

पहिला मालक हौशी होता. त्यानं मला आठ दिवस खेळवलं आणि पुढची दोन वर्षं माझ्यावर ओले मोजे वाळत घातले. त्याबद्दल जास्त बोलत नाही. त्यानं मला एका चष्मेवाल्याला विकलं, आणि मी त्याच्या या चष्म्यांच्या दुकानाच्या माडीवर आले.

खाली दुकान, वर एक खोली. खोलीत चार टेबलं, चार संगणक, चार खुर्च्या. दर रविवारी सकाळी दुकान बंद असताना इथे चार जण जमायचे आणि दुसऱ्या गावांतल्या चौकड्यांशी हवाई लढाया लढायचे. चौकडीचं नाव गरुड. गरुडांपैकी दोघांना जिना चढताना धाप लागायची.

म्होरक्या म्हणजे चष्मेवाले स्वतः. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. खऱ्या विमानात ते कधी बसलेले नाहीत. लिफ्टमध्येसुद्धा त्यांना गरगरतं. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ, जे खाली मागच्या बाजूला काचा घासतात आणि थोरला भाऊ बोलत असताना मान हलवतात. तिसरे शेजारचे दातांचे डॉक्टर, ज्यांच्याबरोबर लवंगेच्या तेलाचा वास वर यायचा. चौथे एक निवृत्त टपालमास्तर.

मी कॅप्टनच्या हातात होते. तो हात कसा होता ते सांगते. बिस्किट चहात बुडवून खाणारा, मग न धुता मला धरणारा. शिंक आली की नाकाला आडवा जाऊन मग माझ्याच डोक्यावर येणारा. नखं खाऊन त्यांचे तुकडे माझ्या बैठकीच्या फटीत सारणारा. आणि एकदा घोडा दाबला की गोळ्या संपेपर्यंत न सोडणारा. समोर शत्रू असो, ढग असो, नाहीतर भावाचं विमान असो.

आता ते तीनशे मीटर काय, ते समजून घ्या. अवघड काही नाही.

या जुन्या विमानांच्या बंदुका बहुधा दोन्ही पंखांत असतात. डाव्या पंखातली आणि उजव्या पंखातली यांच्यात एका खोलीची रुंदी सहज असते. त्या नाकासमोर सरळ रोखल्या तर गोळ्यांच्या दोन धारा शत्रूच्या दोन बाजूंनी निघून जातील. म्हणून त्या किंचित आत वळवतात, म्हणजे पुढे ठराविक अंतरावर दोन्ही धारा एकत्र येतात. त्या ठिकाणी जो सापडला त्याचा चुरा. त्याच्या अलीकडे धारा अजून फाकलेल्या असतात, पलीकडे एकमेकींना ओलांडून पुन्हा फाकतात. हे अंतर किती ठेवायचं, ते खेळात उडण्याआधी प्रत्येकानं स्वतः ठरवायचं असतं. आपण ज्या अंतरावरून गोळ्या झाडतो, ते अंतर ठेवायचं. एवढंच शास्त्र.

आणि गरुडांमध्ये एवढंच शास्त्र कोणाला विचारायची परवानगी नव्हती.

कारण भिंतीवर एक फोटो होता. कॅप्टन पडद्यासमोर उभे, पडद्यावर आकडा अकरा. एका सकाळी त्यांनी अकरा विमानं पाडली होती. कुणीतरी विचारलं, बंदुका किती मीटरवर होत्या? कॅप्टन म्हणाले, तीनशे. झालं. त्या दिवसापासून तीनशे हा आकडा देव्हाऱ्यात बसला.

त्या सकाळी मी त्यांच्या हातात होते. मला माहीत आहे काय झालं ते. त्या दिवशी त्यांनी जे विमान घेतलं होतं त्याच्या सगळ्या बंदुका नाकात होत्या, एकमेकींना चिकटून. पंखांत एकही नाही. नाकातल्या बंदुकांना आडव्या अंतराची पर्वाच नसते. आकडा तीनशे ठेवा, दोनशे ठेवा, गोळ्या समोर एकाच दोरीसारख्या जातात. अकरांचं श्रेय द्यायचं तर त्या नाकाला द्या. पण नाकाला कोण विचारतो.

पुढे गरुडांनी पंखात बंदुका असलेली विमानं घेतली, कारण ती दिसायला रुबाबदार होती. आकडा मात्र तोच. कॅप्टनची सवय अशी की शत्रू पडद्यावर चांगला मोठा दिसल्याशिवाय घोडा दाबायचा नाही, म्हणजे शंभर-दीडशे मीटरवरून. तिथे दोन्ही धारा अजून दूर दूर. शत्रूच्या पंखांना चार भोकं पडायची. मधलं धड, इंजिन, पायलट, सगळं साबूत. तो वळून यायचा आणि गरुडांना एकेक करून खाली पाडायचा.

मग खोलीत चर्चा व्हायची.

‘काठी खराब आहे,’ कॅप्टन म्हणायचे.

‘काठीच,’ भाऊ म्हणायचे.

‘दाढ हलते तशी हलतेय,’ डॉक्टर मला हलवून सांगायचे.

काठी म्हणजे मी. त्यांनी मला तीनदा उघडलं. एकदा पोटात डोक्याला लावायचं तेल ओतलं. सुगंधी. त्या तेलात धूळ, नखं आणि बिस्किटाचा चुरा कालवून माझ्या आत जो चिखल झाला, त्यावर मी पुढची दोन वर्षं काढली. इतक्या वर्षांत एकालाही आकडा बदलून बघावासा वाटला नाही. शेवटी कॅप्टननी नवी जॉयस्टिक आणली आणि मला खालच्या खणात टाकलं. शेजारी एका पुडीत गिऱ्हाइकांच्या चष्म्यांच्या काढून ठेवलेल्या नाकपट्ट्या होत्या, परक्या नाकांचा घाम पिऊन पिवळ्या पडलेल्या. नवी जॉयस्टिक आली तरी गरुड हरतच होते. ते मला खणातूनही ऐकू यायचं.

मला बाहेर काढलं ते बारकीनं.

बारकी म्हणजे काचा घासणाऱ्या भावांची मुलगी. वय बावीस, चौघांपेक्षा उंच, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तरी नाव बारकी. कॉलेज सुटलं की ती दुकानात बसायची आणि गिऱ्हाइकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीनं मोजायची. टपालमास्तरांचं मनगट दुखावलं, त्यांनी खेळ सोडला आणि चौथी खुर्ची रिकामी झाली. बारकीनं ती मागितली. दुसरं कुणी मिळेना म्हणून दिली. नवी जॉयस्टिक अर्थात नाही दिली.

तिनं मला खणातून उचललं, वास घेतला आणि म्हणाली, ‘शी.’ त्या एका शब्दात मला माझं माणूस सापडलं.

डॉक्टरकाकांकडून एक दात घासायचा ब्रश आणून तिनं मला आतून बाहेरून खरवडून काढलं. मग चारी कोपऱ्यांत झुकवून सोडलं.

‘बाबा, ही तर बरोबर मधे येते.’

‘मग असेल बरी.’

‘असेल नाही, आहे. तुम्ही सगळे हिला खराब म्हणत होतात.’

‘दादा म्हणत होता,’ बाबा म्हणाले आणि काच उचलून उजेडात धरली.

कॅप्टननी तिला नियम सांगितले. मागे राहायचं. मधे बोलायचं नाही. आणि तीनशे. का, असं तिनं विचारलं. ‘का ते विचारायचं नाही, हे नियमातच आहे ना, बारके,’ काका म्हणाले. डॉक्टर हसले. बाबांनी मान हलवली.

ती दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा वर येऊन एकटी सराव करायची. तिचा हात कोरडा होता आणि बोट हलकं. शत्रू वळत असला की त्याच्यावर नाही, तो जिथे पोचणार आहे तिथे, त्याच्या पुढच्या रिकाम्या आकाशात नेम धरायची, घोडा एवढासा दाबून सोडायची आणि गोळ्या कुठे गेल्या ते बघायची. तरी तीनशेवर तिच्याही गोळ्या दोन बाजूंनी जायच्या. ती मला शिव्या देत नव्हती. वहीत लिहून ठेवत होती. मग तिनं चौघांच्या जुन्या लढायांची रेकॉर्डिंग काढली आणि प्रत्येक वेळी घोडा दाबला तेव्हा शत्रू किती लांब होता, ते मोजलं. पंधरा दिवस मोजत होती. सरासरी निघाली एकशे बेचाळीस.

ती वही घेऊन खाली गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पुढचं बोलणं जिन्यातून वर आलं ते असं.

‘काका, वाचायचा चष्मा करताना तुम्ही गिऱ्हाइकाला काय विचारता?’

‘पुस्तक किती लांब धरता, हे विचारतो. का?’

‘सगळ्यांना एकाच अंतराचा चष्मा देऊन टाकलात तर?’

‘डोकं दुखेल त्यांचं. धंदा बुडेल माझा.’

‘मग आपण चौघं दीडशेवरून गोळ्या मारतो आणि बंदुका तीनशेवर का?’

खाली गल्ल्याचा खण उघडला आणि मिटला.

‘चष्म्याचं वेगळं असतं,’ काका म्हणाले.

‘काय वेगळं असतं?’

‘अगं, किती प्रश्न,’ हे बाबा. ‘मोठे सांगतात ना.’

मला त्या वेळी जिना उतरून खाली जाता आलं असतं तर फार बरं झालं असतं. जो माणूस रोज पन्नास लोकांना त्यांचं त्यांचं अंतर विचारून काच बसवतो, तो स्वतःच्या बंदुकांना एकदाही विचारत नाही. आणि ज्याला उत्तर कळतं तो काच पुसत उभा राहतो. माझ्या पोटातल्या त्या तेलाच्या चिखलाची जितकी किळस आली नव्हती, तितकी या दोन भावांची आली.

पुढच्या रविवारी उपांत्य सामना होता. आधीच्या फेऱ्यांत समोरच्या चौकड्या आल्याच नाहीत, म्हणून गरुड न लढता तिथवर पोचले होते. बारकीनं उडण्याआधी कुणाला न सांगता आपला आकडा दीडशे केला. 

लढाई वीस मिनिटं चालली. डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत पडले. बाबा त्यांच्या मागोमाग. कॅप्टननी सगळ्या गोळ्या एकाच विमानाच्या दोन्ही बाजूंनी सोडल्या आणि मग ‘काठी, काठी’ म्हणत पडले. यावेळी ती काठी मी नव्हते, हे नमूद करते. बारकी उरली. एका विमानामागून ती अशी आली की ते पडद्यावर तळहाताएवढं झालं, तिनं घोडा दाबला, आणि दोन्ही धारा बरोबर धडावर एकत्र आल्या. विमान मधोमध तुटलं. मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येकाला अर्धा सेकंद. चौथ्यानं पळ काढला आणि डोंगराला धडकला. गरुड जिंकले, तीन वर्षांनी.

समोरच्या चौकडीचा म्होरक्या स्पीकरवरून बोलला, ‘तुमची ती चौथी खेळाडू कोण? नेम काय सुंदर आहे हो. बंदुका किती मीटरवर ठेवता?’

बारकीनं तोंड उघडलं. त्याआधीच कॅप्टन म्हणाले, ‘आमच्याकडे शिस्त आहे. सगळ्यांच्या तीनशे. पुतणी आहे माझी, मीच शिकवलंय.’

‘मग पुढच्या रविवारी अंतिम सामन्याआधी आमच्या नव्या पोरांना तिनंच दोन शब्द सांगावेत. सगळे ऐकतील.’

‘सांगेल की,’ कॅप्टन म्हणाले आणि माईक बंद केला.

‘काका, माझ्या दीडशेवर होत्या,’ बारकी म्हणाली.

कॅप्टननी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग तिच्या पडद्यावर वाकून आकडा पाहिला. मग जे बोलले त्यात शिस्त, संस्कार, विश्वासघात आणि आजकालच्या मुली हे सगळं होतं. ती जिंकली, हे मात्र नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ‘न विचारता केलंस ते चुकलंच.’

‘विचारलं होतं. विचारायचं नाही म्हणालात.’

शेवटी काकांनी अट घातली. आकडा पुन्हा तीनशे करायचा. पुढच्या रविवारी नव्या मुलांना सांगायचं की तीनशेवर जिंकले. हे जमत असेल तर अंतिम सामन्यात खुर्ची तिची. नाहीतर टपालमास्तरांचं मनगट आता बरं आहे.

ती खुर्ची तिला किती हवी होती, ते मला माहीत आहे. या घरात तिच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवून दिलेली होती. दुकानातलं काम, कॉलेजातली शाखा, टोपणनावसुद्धा. ही एक गोष्ट तिनं स्वतः मागून, स्वतः मोजून मिळवली होती.

बुधवारी दुपारी तिनं अकरांच्या सकाळचं जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं आणि काकांना वर बोलावलं. मी टेबलावरच होते. पडद्यावर ते विमान आलं. तिनं चित्र थांबवलं, मोठं केलं आणि नाकावर बोट ठेवलं.

‘काका, बंदुका इथे आहेत. पंखांत नाहीतच.’

काका पडद्याजवळ वाकले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. गिऱ्हाइकांना ते कधीही सदऱ्यानं काच पुसू देत नाहीत.

‘माहिती आहे मला,’ ते म्हणाले.

‘कधीपासून?’

‘हे कुणाला दाखवायचं नाही. फोटो आहे भिंतीवर. लोक मान देतात. तुझ्या बापालाही बरं वाटतं त्यात.’ आणि ते खाली गेले.

माहिती होतं. म्हणजे मला उघडलं तेव्हाही माहिती होतं. तेल ओतलं तेव्हाही. मी मूर्ख माणसाच्या हातात आहे असं समजत होते. मूर्खपणाची एक वेळ कीव येते. हे तसं नव्हतं. स्वतःचा फोटो भिंतीवर राहावा म्हणून हा माणूस सख्ख्या भावाला दर रविवारी खाली पाडून घेत होता आणि दोष एका मुठीला देत होता. यापेक्षा ओले मोजे बरे. ते निदान वाळायचे.

शनिवारी बाबा वर आले. तिच्याशेजारच्या खुर्चीत बसले.

‘खुर्ची हवी ना तुला? मग म्हण की तीनशे. खेळताना तुला हवं ते ठेव. काय जातंय तुझं?’

‘नव्या मुलांचं जाईल, बाबा. तीही आपल्यासारखीच पडत राहतील.’

‘खेळच आहे गं.’

‘मग काकांना सांगा ना, खेळच आहे म्हणून.’

बाबांनी नेहमीसारखी मान हलवली नाही. उठून गेले.

वाचणाऱ्यांनो, माझं वय झालंय. एक स्प्रिंग सैल आहे, डोक्यावरचं एक बटण आत बसलंय. माझं काय करायचं ते करा. पण नेम चुकला की हातातल्या मुक्या वस्तूला खराब ठरवू नका. आणि एखादा आकडा का, असं कुणी विचारलं आणि समोरचा चिडला, तर समजा की उत्तर त्याच्याकडे आहे आणि ते सांगण्यासारखं नाही. नऊ वर्षं घाणेरड्या हातात काढून मी एवढंच शिकले.

आज रविवार. चौघं आपापल्या जागी बसलेत. टपालमास्तर दाराशी पट्टा बांधलेलं मनगट घेऊन उभे आहेत, काकांनी बोलावलंय त्यांना. स्पीकरमधून पलीकडच्या नव्या मुलांची कुजबुज येतेय. सामन्याला दहा मिनिटं आहेत. बारकीचा उजवा हात माझ्यावर आहे, कोरडा.

कॅप्टननी माईक सुरू केला. ‘ही आमची बारकी. मागच्या वेळी हिनंच तीन पाडले. सांग गं यांना, बंदुका कुठे ठेवायच्या.’

‘तुम्ही जिथून गोळ्या मारता तिथे,’ ती म्हणाली. ‘आधी मोजा. मी दीडशेवरून मारते म्हणून माझ्या दीडशेवर आहेत. तीन पाडले तेव्हाही दीडशेवरच होत्या.’

काकांनी माईकवर हात ठेवला. ‘तीनशे म्हण.’

‘नाही म्हणणार.’

‘मग ऊठ. यांना बसू दे.’

‘उठणारही नाही. ही खुर्ची मी नेमानं मिळवलीय, काका. ज्याला हवी त्यानं माझ्यापेक्षा जास्त पाडून दाखवावीत, मी तेव्हा उठेन.’

काकांनी टपालमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मनगटाचा पट्टा उगाच नीट केला आणि दाराशीच उभे राहिले. काकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर स्वतःच्या पडद्यावर वाकले होते. मग काकांनी भावाकडे पाहिलं, कारण तो नेहमी हो म्हणतो. बाबांनी आपल्या पडद्यावरची यादी उघडली, बंदुकांच्या आकड्यावर गेले, तीनशे पुसलं आणि तिथे एक, पाच, शून्य अशी तीन बटणं सावकाश दाबली.

काकांचा हात अजून माईकवर होता. पलीकडून कुणीतरी ‘हॅलो, ऐकू येत नाहीये’ असं म्हणत होतं. बारकीचा उजवा हात माझ्यावरच होता.